वनातील वडीलधारे

प्रस्तावना

घरातील आजी-आजोबांचे हातपाय थकतात, डोळ्यांना कमी दिसू लागते, शेतातले वा कारखान्यातले काम त्यांना पूर्वीसारखे होत नाही. तरीही लग्नकार्य ठरवताना, आजारपणात आणि संकटात घर त्यांच्याकडेच पाहते. वय आणि नाते या दोन गोष्टी माणसाचे वागणे असे घडवीत असतात. रानातल्या प्राण्यांचे काय? तेथे म्हाताऱ्याला कोण विचारते? प्राणी म्हातारपणी कोणाजवळ राहतो, कोणासाठी जिवावर उदार होतो आणि तो नाहीसा झाला तर मागे राहिलेल्यांचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी अभ्यासकांनी वर्षानुवर्षे रानात बसून नोंदी केल्या आहेत. त्या नोंदींची ओळख या पाठात करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• वानर आणि लालतोंडे माकड यांच्या टोळीची रचना सांगता येईल;
• वय वाढल्यावर प्राण्यांच्या वागण्यात होणारे बदल उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• नाते आणि मदत यांचा संबंध समजावून देता येईल;
• वडीलधारे प्राणी नाहीसे झाल्याचे परिणाम सांगता येतील;
• शास्त्रीय विषयावरील उताऱ्यातील मुख्य विचार स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. एका मुलखातील दोन कुळे

जबलपूर शहराच्या पश्चिमेस, भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहपुरा हे गाव आहे. त्याचे रेल्वे स्थानक भिटोनी या नावाने ओळखले जाते. जवळूनच नर्मदा वाहते. या भागात गहू, हरभरा आणि वाटाणा ही पिके होतात. बांधावर आणि मंदिरांच्या आवारात वड, पिंपळ, चिंच, आंबा असे जुने वृक्ष आहेत. अशा वृक्षांच्या आश्रयाने जबलपूरच्या परिसरात माकडांची दोन कुळे नांदतात. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, राखाडी अंगाचे ते वानर. हिंदी भाषक शेजारी त्याला लंगूर म्हणतात. दुसरे तांबूस तोंडाचे, आखूड शेपटीचे लालतोंडे माकड. दक्षिण महाराष्ट्रात दिसणारे टोपी माकड याचेच भाऊबंद, पण वेगळ्या जातीचे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, कारण दोन्ही हरभऱ्यावर आणि वाटाण्यावर उतरतात. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ही दोन घराणी निरनिराळ्या रीतीभातींची आहेत.

दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. मादी जन्मली त्या टोळीतच आयुष्य काढते. माणसाच्या भाषेत सांगायचे तर वानरीला सासर नसते; ती जन्मभर माहेरीच राहते. नर मात्र वयात आल्यावर किंवा त्याआधीच टोळी सोडतो. त्यामुळे टोळीतील माद्या म्हणजे आजी, आई, मावशी, बहिणी, भाच्या, नाती असा एक मातृवंशच असतो. वानरांच्या टोळीत या माद्यांबरोबर बहुधा एक मोठा नर असतो. मराठीत त्याला हुप्प्या म्हणतात. बाकीचे नर वेगळी टोळकी करून हिंडतात आणि संधीची वाट पाहतात.

२. मान चढतो आणि उतरतो

लालतोंड्या माकडांत मुलीला आईचे स्थान मिळते. मानाच्या मादीची मुलगी लहानपणापासूनच मानाची ठरते. खाण्याच्या जागेवर इतर घराण्यांतील मोठ्या माद्याही तिला वाट देतात. बहिणी-बहिणींत सर्वांत धाकटीला आई पाठीशी घालते, म्हणून साधारणपणे धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते. मादी म्हातारी झाली तरी घराण्याचा मान तिला बरेचदा सोडून जात नाही.

वानरांची रीत याच्या उलट आहे. राजस्थानात अबू आणि जोधपूर येथे वानरांच्या टोळ्यांवर अनेक वर्षे अभ्यास झाला. तरुण वानरी वरच्या स्थानावर असतात आणि वय वाढत जाते तसे त्यांचे स्थान खाली येत जाते, असे दोन्हीकडे दिसून आले. वीस वर्षे ओलांडलेली वानरी टोळीच्या कडेला बसते. कोवळी पालवी किंवा फळांचा घोस समोर आला आणि एखादी तरुण वानरी जवळ आली, तर म्हातारी मुकाट्याने बाजूला होते. पुढे जिला पिल्ले व्हायची आहेत ती नात किंवा भाची आधी जेवते.

हे दृश्य पाहून कोणालाही वाटेल की, म्हातारीला टोळीत आता काही किंमत उरलेली नाही. टोळीवर संकट आले की मात्र वेगळेच चित्र दिसते.

३. संकटात पुढे कोण होते?

एखादा नवा नर टोळीवर चालून येतो, जुन्या हुप्प्याला हुसकावतो आणि टोळीचा ताबा घेतो. ताबा घेतल्यावर पुष्कळदा तो टोळीतील दूधपिती पिल्ले मारतो. पिल्लू गेले की आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याची संतती जन्माला येते. १९६० च्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने कर्नाटकातील धारवाडजवळ असे सत्तांतर पाहिले. पुढे एस. एम. मोहनोत यांनी जोधपूर येथे आणि सारा हर्डी या अमेरिकी विदुषीने १९७१ पासून अबू येथे अशा घटनांचा अभ्यास केला. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीमुळे हा विषय मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. या कादंबरीला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माणसांच्या गर्दीत राहिल्यामुळे वानरांचे वागणे बिघडले असावे, अशी शंका त्या काळी काही जणांनी घेतली. या शंकेचे उत्तर जबलपूरच्या आग्नेयेस असलेल्या कान्हाच्या जंगलातून मिळाले. पॉल न्यूटन यांनी १९८० च्या दशकात तेथील साल वनात वानरांचा अभ्यास केला. माणसाचा उपद्रव नसलेल्या त्या रानातही नव्या हुप्प्याने पिल्ले मारल्याचे आढळले.

पिल्लावर असा घाला येतो तेव्हा त्याला वाचवायला कोण धावते? हर्डी यांनी अबू येथील एका अतिशय म्हाताऱ्या वानरीची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी तिला सोल असे नाव दिले होते. तिला आता पिल्ले होत नव्हती. टोळीत तिचे स्थान अगदी खालचे होते आणि ती एरवी सर्वांपासून दूर बसे. पण हुप्प्या पिल्लावर झेपावला की हीच सोल त्याच्या अंगावर धावून जाई. हुप्प्या तिच्यापेक्षा कितीतरी बलवान आणि तीक्ष्ण सुळ्यांचा. तरी ती मागे हटत नसे. त्या वेळी तरुण माता मात्र पुष्कळदा मागे राहत.

खाण्याच्या जागी सर्वांना वाट देणारी वानरी लढण्याच्या जागी सर्वांच्या पुढे उभी राहते. या दोन वागण्यांचा मेळ कसा घालायचा?

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वानरांच्या टोळीतील मोठ्या नराला मराठीत .......... म्हणतात.
२. लालतोंड्या माकडांत मुलीला .......... स्थान मिळते.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. कान्हा येथील अभ्यासामुळे कोणत्या शंकेचे निरसन झाले?

४. नात्याचे गणित

१९६४ साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने नात्यांतील मदतीचे गणित मांडले. मुलाच्या शरीरातील निम्मी जनुके आईकडून आलेली असतात. आजी आणि नातवंड यांच्यात हा वाटा सरासरी एक चतुर्थांश असतो. मावशी आणि भाचरू यांच्यातही, बहिणी सख्ख्या असतील तर, तो एक चतुर्थांशच भरतो. बहिणींची आई एक पण बाप वेगळे असतील तर एक अष्टमांश. जवळच्या नातेवाइकाला वाचवणे म्हणजे आपल्याच वंशाचा काही अंश वाचवणे होय. मदतीमुळे होणारा लाभ नात्याच्या या वाट्याने गुणला आणि तो मदत करणाऱ्याच्या हानीपेक्षा अधिक भरला, तर अशी मदत करण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते, असे हॅमिल्टनने दाखवून दिले.

प्राणी असा हिशेब मनात करीत नाहीत. असा स्वभाव असलेल्या प्राण्यांचा वंश अधिक टिकला, एवढाच त्याचा अर्थ.

या गणितात वयाची भर घातली की सोलचे वागणे उलगडते. तरुण वानरीपुढे दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य असते. ती जखमी झाली तर तिची पुढची अनेक पिल्ले जन्माला येणार नाहीत. तिची हानी मोठी. म्हातारीला यापुढे पिल्लू होण्याची आशा थोडी. तिची हानी लहान. शिवाय टोळीतील बहुतेक पिल्ले तिच्याच नात्यातील. वय वाढल्याने धोका पत्करणे स्वस्त होते आणि नात्यामुळे त्या धोक्याला फळ मिळते. फळांचा घोस भाचीसाठी सोडणे आणि हुप्प्याशी झुंजणे, ही दोन्ही एकाच हिशेबाची अंगे आहेत. म्हाताऱ्या जीवाचे वागणे समजून घ्यायचे असेल तर त्याचे वय आणि त्याच्या भोवतीची नाती ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

५. गोतावळा आटोपशीर होतो

म्हातारपणी प्राणी एकटे पडतात की स्वतःच निवडक होतात, हा प्रश्न लालतोंड्या माकडांच्या अभ्यासातून सुटू लागला आहे. १९३८ साली भारतातून सुमारे चारशे लालतोंडी माकडे जहाजाने कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर नेण्यात आली. आज तेथे असलेली सर्व माकडे त्यांचीच वंशज आहेत. ती मोकळी फिरतात. प्रत्येक माकडाची ओळख पटते, त्याची आई कोण हे ठाऊक असते, त्यामुळे नात्यांची वंशावळ अभ्यासकांच्या हाती आहे.

या बेटावरील माद्यांच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मादीचे वय वाढत गेले तसा ती ज्यांच्याजवळ जाऊन बसते, ज्यांच्या अंगावरचे केस विंचरते, अशा सोबत्यांची संख्या कमी होत गेली. उरलेल्या सोबत्यांत नातेवाईक आणि जुन्या, पक्क्या मैत्रिणी यांचे प्रमाण वाढले. सोबतीत घालवलेला एकूण वेळ मात्र फारसा घटला नाही. सोबती मरून गेल्यामुळे गोतावळा लहान झाला, असेही नव्हते. इतर माकडांनी म्हाताऱ्यांना वाळीतही टाकले नव्हते. म्हातारीने आपला वेळ थोड्यांना, पण जवळच्यांना दिला होता.

नरांमध्येही असे काही आढळते. आफ्रिकेतील युगांडा देशात किबाले येथे चिंपांझी नरांच्या वीस वर्षांच्या नोंदी आहेत. चिंपांझींत नर जन्मटोळीत राहतात आणि माद्या बाहेर जातात. तेथील वृद्ध नरांचे एकतर्फी संबंध कमी झाले आणि दोन्ही बाजूंनी जुळलेली मैत्री वाढली, भांडखोरपणाही उतरला, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. वय झाल्यावर निवडक माणसांतच रमण्याची माणसाची सवय मृत्यूच्या विचारातून येते, असे काही मानसशास्त्रज्ञ मानत आले. माकडांना असा विचार करता येत असल्याचा पुरावा नाही. तरी त्यांच्यातही ही निवड दिसते. तेव्हा या सवयीचे मूळ त्याहून जुने असू शकेल.

६. आठवणींची शिदोरी

अंगबळ कमी झाले तरी एक गोष्ट वयाबरोबर वाढते; ती म्हणजे अनुभव. हत्तींच्या कळपात याचे मोल कळते. केनियातील अंबोसेली येथे सिंथिया मॉस यांनी १९७२ साली आफ्रिकी हत्तींचा अभ्यास सुरू केला. तेथील कळप म्हणजे आजी, लेकी आणि नातवंडांचा परिवार; सर्वांत वडील हत्तीण त्याची प्रमुख असते. अभ्यासकांनी ध्वनिक्षेपकावरून सिंहांच्या डरकाळ्या ऐकवल्या. सिंहिणीपेक्षा सिंह हत्तीच्या पिल्लाला अधिक घातक असतो. साठी उलटलेल्या प्रमुखांनी नराची डरकाळी अधिक अचूक ओळखली आणि कळपाला गोळा करून पिल्लांना सुरक्षित केले. तरुण प्रमुखांना हा फरक तितका उमगला नाही.

टांझानियातील तारंगिरे उद्यानात १९९३ साली भीषण दुष्काळ पडला आणि हत्तींची पुष्कळ पिल्ले दगावली. ज्या कळपांनी उद्यान सोडून दुसरीकडे पाण्याचा शोध घेतला, त्यांची पिल्ले अधिक वाचली. त्या कळपांत पस्तीस वर्षांपूर्वीचा, १९५८ ते १९६१ चा दुष्काळ पाहण्याइतक्या जुन्या हत्तिणी होत्या. जो कळप उद्यानातच थांबला, त्याच्या वडीलधाऱ्या हत्तिणी शिकाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडल्या होत्या.

समुद्रातही हेच दिसते. ओर्का जातीच्या माद्यांना चाळिशीच्या आसपास पिल्ले होणे थांबते. पुढे त्या कित्येक वर्षे जगतात. सामन माशांचा तुटवडा पडतो त्या वर्षी या वृद्ध माद्या कळपाच्या पुढे पोहत राहतात. आजी मरण पावली की पुढच्या काळात नातवंडांच्या मृत्यूचा धोका वाढतो, हेही नोंदींतून स्पष्ट झाले आहे.

७. एकांड्या वाघाचे नातेसंबंध

वाघ कळप करून राहत नाही. मग त्याच्या आयुष्यात नात्याला स्थान असते का? शिवनी जिल्ह्यातील पेंच अभयारण्यात ‘कॉलरवाली’ या नावाने प्रसिद्ध असलेली वाघीण १५ जानेवारी २०२२ रोजी वार्धक्याने मरण पावली. सोळा वर्षांहून अधिक जगलेल्या या वाघिणीने आठ वेतांत एकूण एकोणतीस बछडे जन्माला घातले. वाघांमध्ये मुलगे दूर निघून जातात; मुली शक्य तेव्हा आईच्या मुलखालगत आपला मुलूख वसवतात. त्यामुळे एकट्या वाटणाऱ्या वाघिणींचे शेजार पुष्कळदा लेकीबाळींचे असतात.

असा शेजार कधी कामी येतो, हे त्याच वर्षी मध्य प्रदेशातील सिधी जिल्ह्यातील संजय-दुबरी अभयारण्यात दिसले. आगगाडीच्या धडकेने एक वाघीण मेली. तिचे बछडे पोरके झाले. तिच्या बहिणीला स्वतःचे बछडे होते. तरी तिने बहिणीच्या तीन बछड्यांना आपल्यात सामावून घेतले आणि त्यांच्यासाठी शिकार केली. लोकांनी तिला ‘मावशी’ म्हणायला सुरुवात केली. अशी उदाहरणे फार विरळा आहेत, म्हणूनच ती लक्षात राहतात.

८. वडीलधारे नाहीसे होतात तेव्हा

दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग उद्यानात १९९२ ते १९९७ या काळात चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मेलेले आढळले. ते मारणारे तरुण हत्ती होते. दुसऱ्या एका उद्यानात हत्तींची संख्या घटवण्यासाठी मोठे हत्ती मारले गेले होते आणि या पोरक्या पिल्लांना येथे आणले होते. त्यांना धाकात ठेवणारा एकही प्रौढ नर सोबत नव्हता. त्यांचा मस्तीचा काळ लवकर सुरू होई आणि लांबे. १९९८ मध्ये तेथे सहा प्रौढ नर आणण्यात आले. तरुणांची मस्ती आवरली आणि गेंड्यांची हत्या थांबली. हे प्रौढ नर त्या पोरांचे नातेवाईक नव्हते. केवळ त्यांच्या वयानेच वळण लावले.

हा प्रश्न आता मध्य प्रदेशाच्याही दाराशी आला आहे. २०१८ साली छत्तीसगडकडून आलेला सुमारे चाळीस हत्तींचा समूह बांधवगडच्या जंगलात स्थिरावला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भटकत जबलपूर जिल्ह्यात पोहोचलेल्या दोन नर हत्तींपैकी एक विजेचा धक्का बसून मेला. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बांधवगड येथे बुरशीने दूषित झालेले कोदो खाऊन दहा हत्ती दगावले. आशियाई हत्तींचे कळप आफ्रिकी हत्तींइतके घट्ट बांधलेले नसतात, तरी त्यांतही माद्या आणि पिल्ले एकत्र राहतात. अशा वेळी मेलेल्या जनावरांची नुसती संख्या मोजून नुकसान कळत नाही. कोण गेले, कळपात त्याचे वय काय होते, त्याच्यामागे कोण राहिले, हेही पाहावे लागते.

शेतावर उतरणाऱ्या माकडांचा प्रश्नही असाच आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि त्याला उपाय हवाच असतो. पण हाताला लागेल ते माकड पकडून दूर नेऊन सोडले, तर आजी एकीकडे आणि नातवंडे दुसरीकडे अशी टोळीची फाटाफूट होते. उपाय योजताना टोळीची रचना ध्यानात घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शेवटी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्राण्यांच्या वागण्यातून माणसाने आपल्या नीतीचे नियम काढू नयेत. ज्या टोळीत म्हातारी पिल्लासाठी लढते, त्याच टोळीत हुप्प्या पिल्ले मारतो. दोन्ही निसर्गाच्याच गोष्टी आहेत. माणसाने म्हाताऱ्यांचा सांभाळ करावा तो आपल्या विवेकाने. रानातील नोंदी एवढेच सांगतात, की टोळीच्या कडेला बसलेला, सर्वांना वाट देणारा थकलेला जीव निरुपयोगी आहे असे समजण्यापूर्वी त्याच्याकडे पुष्कळ दिवस पाहिले पाहिजे. चिंचेच्या झाडाखाली एकटी बसलेली वानरी कोणाची आजी आहे, हे पहिल्या दृष्टीत कळत नाही.

पाठगत प्रश्न २
चूक की बरोबर ते लिहा.
१. वय वाढल्यावर कायो सांतियागो येथील माद्यांना इतर माकडांनी वाळीत टाकले.
२. तारंगिरे येथे उद्यान सोडून गेलेल्या कळपांची पिल्ले अधिक वाचली.
३. पिलानेसबर्ग येथे आणलेले प्रौढ नर तरुण हत्तींचे नातेवाईक होते.

शब्दार्थ

मातृवंश – आईकडून चालत आलेला वंश
सत्तांतर – सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाणे
जनुक – आईबापांचे गुण संततीत नेणारा शरीरातील सूक्ष्म घटक
गोतावळा – नातेवाईक व जवळची माणसे
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. (येथे) साठवलेला अनुभव
मस्ती – वयात आलेल्या नर हत्तीची ठरावीक काळातील उन्मत्त अवस्था
वेत – प्राण्याचे एका वेळचे बाळंतपण
कोदो – एक प्रकारचे भरडधान्य

आपण काय शिकलो?

• वानर व लालतोंडे माकड यांच्या टोळीत माद्या जन्मभर एकत्र राहतात. त्यामुळे टोळी ही नातेवाइकांची असते.
• वय वाढल्यावर वानरीचे स्थान खाली येते, पण पिल्लांच्या रक्षणासाठी ती पुढे होते.
• वय वाढल्याने धोका पत्करण्याची हानी कमी होते आणि नात्यामुळे मदतीचा लाभ वाढतो.
• म्हातारे प्राणी थोड्या, पण जवळच्या सोबत्यांना अधिक वेळ देतात.
• वडीलधाऱ्यांचा अनुभव संकटात कळपाला तारतो. ते नाहीसे झाले की कळपाचे वळण बिघडते.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ लिहून वाक्यांत उपयोग करा.
(अ) जिवावर उदार होणे (आ) पाठीशी घालणे (इ) वाळीत टाकणे (ई) वळण लावणे

पाठान्त प्रश्न

१. ‘वानरीला सासर नसते’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. वानर आणि लालतोंडे माकड यांच्यातील माद्यांच्या मानाच्या स्थानाची तुलना करा.
३. सोलचे खाण्याच्या जागचे व संकटाच्या वेळचे वागणे एकाच हिशेबाची अंगे आहेत, असे पाठात का म्हटले आहे? आठ-दहा ओळींत लिहा.
४. शेतावर येणाऱ्या माकडांचा बंदोबस्त करताना कोणती काळजी घ्यावी? शेतकऱ्याची बाजू लक्षात घेऊन तुमचे मत लिहा.

उपक्रम

तुमच्या गावाजवळ माकडांची किंवा वानरांची टोळी असेल तर सुरक्षित अंतरावरून आठ दिवस रोज अर्धा तास तिचे निरीक्षण करा. त्यांना खाऊ घालू नका. कोण कोणाजवळ बसते, कोण कोणाला वाट देते, पिल्लांना आईखेरीज कोण सांभाळते, यांची नोंद वहीत ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. हुप्प्या २. आईचे ३. माणसांच्या गर्दीत राहिल्यामुळे वानरांचे वागणे बिघडले असावे, या शंकेचे निरसन झाले.
प्रश्न २ : १. चूक २. बरोबर ३. चूक